नाव जुने, पारख नवी



नावाजलेल्या जुन्या वस्तूची नवी आवृत्ती बाजारात आली की तिच्याबरोबर जुनीचा लौकिकही विक्रीला येतो. त्या लौकिकावर किती विसंबावे, हा आजचा प्रश्न आहे आणि उदाहरण पिस्तुलाचे आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हत्यारांची आम्हांला हौस नाही. पण जी वस्तू ऐन वेळी अडली तर धरणाऱ्याचा जीव जातो, तिची पारख समजली म्हणजे बॉयलरची झडप आणि लिफ्टचा दोर यांचीही समजते.

‘ब्राउनिंग हाय पॉवर’ या पिस्तुलाचा आरंभ जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने केला. 1926 साली बेल्जियममधील लिएझ येथे काम करीत असतानाच त्याचे निधन झाले. पुढे द्यूदोने सेव्ह याने ते पूर्णत्वास नेले आणि 1935 साली लिएझजवळच्या एर्स्तालच्या कारखान्यातून ते बाहेर पडले. 13 काडतुसे मावणारे हे पिस्तूल अनेक देशांच्या सैन्यांनी वापरले. आपल्याकडे ईशापूरच्या रायफल कारखान्यातही त्याच घाटाचे पिस्तूल बनत आले आहे. 2018 च्या सुमारास मूळ कंपनीने उत्पादन थांबविले. लगोलग 2021 साली एका अमेरिकन कंपनीने 15 काडतुसांचे आणि 2022 साली खुद्द मूळ कंपनीने 17 काडतुसांचे नवे रूप काढले.

आता यांतले ‘मूळ’ कोणते? रिकामे टरफल ओढून काढणारी आकडी जुन्या पिस्तुलातच 1962 साली बदलली होती. काडतूस नळीत शिरते तो उतार गोल टोकाच्या गोळीला धरून घडविलेला होता. टोकाला खळगा असलेली गोळी तेथे कधी कधी अडे. नव्यांनी तो उतार सुधारला. सुधारणा चांगलीच, पण उतार बदलला, मॅगझिन बदलले, म्हणजे जुन्या पिस्तुलाने कमावलेली साक्ष नव्याच्या कामी येत नाही. बापाने फेडलेल्या कर्जावर मुलाची पत ठरत नाही, तसेच हे.

मग परीक्षा कशी घ्यावी? ब्राउनिंगचेच कोल्ट पिस्तूल अमेरिकेच्या लष्कराने 29 मार्च 1911 रोजी स्वीकारले. त्यापूर्वी एकाच पिस्तुलातून दोन दिवसांत 6000 गोळ्या झाडल्या. ते तापले की पाण्यात बुडवावे आणि पुन्हा झाडावे. ते एकदाही अडल्याची नोंद झाली नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज 37 वेळा अडले.

आज कोणी 500 गोळ्या झाडतो आणि ‘एकदाही अडले नाही’ म्हणून निर्वाळा देतो. गणित काय सांगते? एकही चूक न होता जितक्या गोळ्या सुटल्या, त्या आकड्याने 3 ला भागावे. 500 गोळ्या सुटल्या तर 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की, चुकण्याचे प्रमाण 500 त 3 पेक्षा, म्हणजे सुमारे 167 त एकापेक्षा, जास्त नाही. 6000 सुटल्या तर 2000 त एकापेक्षा जास्त नाही. आणि हेही त्याच पिस्तुलापुरते, त्याच काडतुसांपुरते. कंपनीने निवडून पाठविलेला नग उत्तम निघाला, म्हणून दुकानातून आणलेला तसाच निघेल असे नाही.

लिएझमध्ये 1672 पासून शस्त्रे पारखण्याची संस्था आहे. तेथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून नळी टिकते का ते पाहतात आणि शिक्का मारतात. तो शिक्का मजबुतीचा दाखला आहे. हजारावी गोळी अडणार नाही, याची हमी त्यात नाही. ती हमी प्रत्येक भाग मापात उतरण्यावर आहे, आणि माप यंत्रावरच्या माणसाच्या हातात असते.

हे हात कोणाचे होते? 16 फेब्रुवारी 1966 रोजी एर्स्तालच्या त्याच कारखान्यातील यंत्रांवर काम करणाऱ्या हजारो स्त्रियांनी समान कामाला समान वेतन मागून संप पुकारला. 1957 च्या रोमच्या तहात ते तत्त्व मान्य झालेले होते; पगारपत्रकात उतरले नव्हते. संप सुमारे बारा आठवडे चालला. त्यांच्या हातून सुटे भाग येईनात, तेव्हा पुरुषांचे कामही थांबले. कंपनीच्या लौकिकात कोणाचा वाटा आहे, हे त्या दिवसांत सर्वांना दिसले.

तेव्हा कोणी जुन्या नावाची नवी वस्तू पुढे करील तर विचारावे: किती नग तपासले, ते निवडले कोणी, कोणत्या काडतुसांनी, किती गोळ्या, आणि किती वेळा अडले? अडल्याची नोंद ज्या कागदावर नाही तो जाहिरातीचा कागद. ज्याचा जीव त्या वस्तूवर टांगलेला आहे, तो शिपाई असो वा बॉयलरपाशी उभा असलेला कामगार, त्याला ती नोंद पाहण्याचा पहिला हक्क आहे. तो हक्क मागावा, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.