सरकारचा हात आणि खानावळीचे दार

(तुळजापूर येथील सभेत एका वकिलांनी केलेले भाषण)



आज मी अमेरिकेच्या राजकारणावर बोलणार, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. कोठे तुळजापूर आणि कोठे वॉशिंग्टन! परंतु तिकडे जो वाद माजला आहे, तोच नाव बदलून आपल्याही दाराशी आलेला आहे. त्या वादात बाबासाहेबांनी १९४७ सालीच आपली बाजू लेखी मांडून ठेवली आहे.

सरकारचा अधिकार आखडता असावा असे म्हणणारे तिकडे दोन पंथ आहेत. एकास कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे परंपरावादी, म्हणतात. त्यांना कर कमी हवेत; परंतु धर्म, कुटुंब व राष्ट्र यांच्या नावाने सरकारने हात उगारला तर त्यांची फारशी तक्रार नसते. दुसरे लिबर्टेरियन. त्यांच्या मते सरकारने पोलीस, न्यायालय व देशसंरक्षण एवढेच पाहावे. बाकी सर्व माणसामाणसांतील करारावर आणि बाजारावर सोडावे. हे दोघे पुष्कळ वर्षे रिपब्लिकन पक्षाच्या एकाच छपराखाली नांदले. अलीकडे त्यांचे बिनसले आहे. २०२५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी परदेशी मालावर जबर जकात बसविली. ऑगस्टमध्ये भारतीय मालावर ती ५० टक्क्यांपर्यंत गेली. राष्ट्राभिमानी परंपरावाद्यांनी तिचे स्वागत केले. लिबर्टेरियन म्हणाले, हा तर आपल्याच गिऱ्हाइकावरचा कर! ह्या मुद्द्यावर मला दुसऱ्यांचे म्हणणे पटते. आपल्या शेजारच्या सोलापूरचे टॉवेल अमेरिकेत जातात. तिकडची मागणी घटली की पहिली झळ यंत्रमागावरील मजुरास लागते.

परंतु आपला खरा संबंध येतो तो दुसऱ्याच प्रश्नाशी. १९६४ साली अमेरिकेने नागरी हक्कांचा कायदा केला. हॉटेल, खानावळ, नाटकगृह येथे काळ्या माणसास मज्जाव करता येणार नाही आणि नोकरी देताना वर्ण पाहता येणार नाही, असे त्याने ठरविले. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी ह्या कायद्याविरुद्ध मत दिले. हे गृहस्थ वर्णद्वेष्टे नव्हते. १९५७ व १९६० च्या नागरी हक्कांच्या कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. त्यांचा आक्षेप तत्त्वाचा होता: दुकान ज्याचे, गिऱ्हाईक निवडण्याचा अधिकारही त्याचाच, सरकारने मध्ये पडू नये. त्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले व पडले. स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज त्यांना जी ५ राज्ये मिळाली, ती सर्व दक्षिणेकडील, जेथे वर्णभेद सर्वांत कडक होता. तत्त्व शुद्ध असेल. त्याचा आश्रय कोणी घेतला तेही पाहावे लागते.

अटलांटा शहरातील एका २१६ खोल्यांच्या हॉटेलचा मालक ह्या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे त्याने काय सांगावे? काळ्या प्रवाशास खोली देण्याची सक्ती म्हणजे माझ्यावर लादलेली गुलामगिरी आहे, आणि गुलामगिरी तर राज्यघटनेने बंद केली आहे! ज्यांचे पूर्वज खरोखर विकले गेले त्यांच्याविरुद्ध हा युक्तिवाद. न्यायाधीशांनी तो एकमताने फेटाळला.

तुळजापूर हे यात्रेचे गाव. येथे लॉज, धर्मशाळा, खानावळी यांची वाण नाही. म्हणून अटलांटाचा दाखला तुम्हांस लगेच कळेल. आपल्या घटनेचे १५ वे कलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, स्नानाचे घाट सर्वांना खुले करते, आणि हा निर्बंध खाजगी मालकावरही आहे. त्याचे उल्लंघन करणाऱ्यास शिक्षा सांगणारा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९५५ चा, म्हणजे अमेरिकेच्या ९ वर्षे आधीचा.

'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' ह्या निवेदनात बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न घेतला आहे. सरकार बाजूला झाले म्हणजे स्वातंत्र्य येते म्हणता, ते कोणाला? जमीनदाराला खंड वाढविण्याचे, भांडवलदाराला कामाचे तास वाढवून मजुरी कमी करण्याचे. सरकारच्या ताब्यातून सुटलेला गरीब माणूस खाजगी मालकाच्या ताब्यात जातो, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणून आर्थिक व्यवस्था घटनेतच लिहावी अशी त्यांची मागणी होती. बहुमताने केलेला साधा कायदा बहुमताने मोडता येतो.

महाराष्ट्रात मुक्त बाजाराचा विचार शरद जोशी यांनी शेतकऱ्याच्या भाषेत मांडला. १९९४ साली त्यासाठी त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. सरकारच शेतमालाचे भाव पाडते, ही त्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा ती पुन्हा अनुभवास आली. परंतु ज्याच्यापाशी विकण्यास पीकच नाही, केवळ दोन हात आहेत, त्याला खुल्या बाजारात भाव ठरविण्याची ताकद कोठून येणार? आपल्यातील किती घरे ह्या दुसऱ्या प्रकारची आहेत, ते तुम्हीच जाणता.

आता नोकरीचे पाहू. कंत्राटदारांनी काळ्या लोकांना नोकरीत वाव देण्यासाठी खास प्रयत्न करावेत, हा १९६५ चा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा हुकूम ट्रम्प यांनी २१ जानेवारी २०२५ रोजी एका सहीने रद्द केला. कारण दिले की कायद्याने व्यक्ती पाहावी, समूह पाहू नये. आपल्याकडे एका सहीने असे होणार नाही. १६ व्या कलमात राखीव जागांची तरतूद आहे. परंतु ती सरकारी जागांपुरतीच आहे. कलमास हात न लावता सरकारी जागाच आटविल्या, तर कलम शाबूत आणि नोकरी नाहीशी! ही केवळ कल्पना नव्हे. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने ९ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. ओरड झाल्यावर ऑक्टोबरात तो मागे घेतला गेला.

तो निर्णय मागे गेला म्हणून स्वस्थ बसू नका. नगरपरिषदेत आणि पंचायत समितीत मंजूर जागा किती, भरलेल्या किती, ठेक्याने चालविलेल्या किती, आणि बिंदुनामावली काय म्हणते, हे माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जावर विचारता येते. अर्जाचा मसुदा मी लिहून आणला आहे. तो सभेनंतर मजकडून घ्यावा, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातील शिकलेल्या मुलीस सोबत आणावे.