वाडग्याला तेल पाजताना



लेथवरून नुकताच उतरवलेला फणसाचा वाडगा हातात घ्या. हळदीसारखा पिवळा, बोटांना गुळगुळीत. वाटतं, झालं काम! मग आपण दुकानात जातो आणि चांगली चकाकी येईल असं पॉलिश मागतो. तिथे थोडं थांबा. आधी ठरवा, या वाडग्यात ठेवणार काय?

किल्ल्या, सुपारी किंवा नुसता शोभेला ठेवायचा असेल, तर लाखेसारखं दुसरं काही नाही. कर्नाटकात चन्नपट्टणचे कारागीर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून पसरते आणि मग केवड्याच्या पानानं ती घोटतात. आपल्या सावंतवाडीची लाखेची खेळणीही तुम्ही पाहिली असतीलच. घरी करायचं तर चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडानं पातळ हात द्या. मात्र लाखेला उष्णता सोसत नाही. गरम भांडं टेकलं की पांढरा डाग पडतो.

खाण्याच्या वाडग्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: वर जाड थर चढवणारं पॉलिश नको. चमचा लागून त्याला बारीक चीर पडते, पाणी आत शिरतं, आणि मग पापुद्रे निघतात. ते सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. तेल लाकडात मुरतं, आणि फिकं पडलं तर घरच्या घरी परत लावता येतं.

पण तेल कुठलं? माझ्या पहिल्या वाडग्याला मी शेंगदाण्याचं तेल चोळलं होतं. महिन्या-दोन महिन्यांत त्याला खवट वास यायला लागला आणि तो काही केल्या जाईना. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, आतल्या आत खराब होतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणून ते घ्या. तेही घाण्यावरचं, खायचं. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवस तेलात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. खाण्याच्या भांड्याला ते नको.

आता लावायचं कसं. १२०, १८०, २४० अशा क्रमानं पॉलिश पेपर मारा. मग ओल्या फडक्यानं वाडगा पुसून सुकू द्या. लाकडाचे तंतू उभे राहतील, हाताला खरखर लागेल. आता ३२० चा कागद हलक्या हातानं फिरवा. हे आत्ता केलं नाही, तर पहिल्याच धुण्यात ती खरखर वर येते. वाडगा उजेडात फिरवून पाहा. समोरासमोर दोन जागी तंतूंची टोकं उघडी पडलेली दिसतील. तिथे लाकूड अधाशासारखं तेल पितं आणि काळपट दिसतं. कागद सगळ्यात जास्त वेळ त्या दोन जागांवर फिरवा.

तेल सढळ हातानं लावा, अर्ध्या तासानं उरलेलं सगळं पुसून काढा. वर राहिलेलं तेल चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. मधे चार-पाच दिवस सोडून असे तीन हात द्या. त्यानंतर वाडगा तीन-चार आठवडे हवेशीर जागी राहू दे. पावसाळ्यात याहून जास्त वेळ लागेल, घाई करू नका. शेवटी मधमाशांच्या मेणाचा हात द्यायचा असेल, तर एक भाग मेण आणि चार भाग तेल, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. थेट आचेवर कधीच नको.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगतो. फिरत्या लेथवर तेल लावताना फडकं बोटाला गुंडाळू नका, ते ओढलं गेलं तर बोट जातं. फाटून जाणारा टिश्यू कागद वापरा. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर, एकेक पसरून वाळवा.

वाडगा वापरायला लागलात की त्यात गरम आमटी वाढू नका. हळदीचा डाग लाकडातून निघत नाही. चिवडा, फळं, कोशिंबीर खुशाल ठेवा. धुऊन लगेच पुसा, पाण्यात भिजत ठेवू नका. काही महिन्यांनी आत पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर वाडगा ठीक आहे. ते आत मुरले, तर तेलाची बाटली काढा.