ओवे, पनवेल आणि कर्करोगाचे संशोधन: स्वागताध्यक्षीय भाषण

ओवे हे पनवेल तालुक्यातील, खारघरच्या डोंगराजवळचे गाव. 1970 साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली तेव्हा या पट्ट्यात भातशेती होती. आज गावाला खारघरच्या वसाहतींनी वेढले आहे आणि पनवेल महापालिकेत त्याचा समावेश आहे. वैद्यकीय संशोधन, उपचार आणि आरोग्य धोरण या विषयांची परिषद येथे भरण्याचे कारण म्हणजे गावाशेजारची टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन व उपचार संस्था. तिच्याकडे वळण्याआधी पनवेलची ओळख करून देणे स्वागत समितीला कर्तव्य वाटते.

पनवेल हे खाडीवरचे जुने बंदर. मुंबईचा माल येथे उतरे आणि बोरघाटाने देशावर चढे. 1830 साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलचे दिवस पालटले. बैलगाडीची चाके बनवणे हा शहराचा मुख्य धंदा झाला. तुंब्यात आरे बसवायचे, त्यांवर लाकडी घेर जुळवायचा आणि लोखंडी धाव लालबुंद तापवून चढवायची. पाणी पडताच ती आकसते आणि सगळे चाक आवळून धरते. घाट चढणाऱ्या गाडीचा भरवसा या कारागिरीवर होता. पुढे लोहमार्ग कल्याण-कर्जतवरून गेला व पनवेल बाजूला पडले, तरी शहर खचले नाही. येथील नगरपालिका 1852 सालची, राज्यातील सर्वांत जुन्यांपैकी एक. 1 ऑक्टोबर 2016 रोजी तिची महापालिका झाली. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी 1872 साली धूतपापेश्वर हा औषधी कारखाना काढला. वैद्याने आपल्या रुग्णापुरते कुटायचे औषध कारखान्यात, एकाच प्रतीचे, दूरच्या रुग्णासाठी तयार होऊ लागले. प्रत्येक कुपीतील औषध सारखेच असेल याची हमी कशी द्यायची, हा औषधशास्त्राचा प्रश्न पनवेलला तेव्हापासून परिचित आहे. परिषदेच्या विषयाशी शहराचे नाते समिती येथूनच मोजते.

ओव्याशेजारच्या संस्थेचे मूळ मुंबईतील परळमध्ये आहे. 1952 साली तेथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. 2002 साली हे संशोधन खारघरला, सुमारे 60 एकरांच्या आवारात आले. खानोलकरांचे नाव तेथील शोधिकेला, म्हणजे संशोधनाच्या इमारतीला, आहे. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांची आठवण मात्र या परिसरात फारशी निघत नाही, याची समितीला खंत आहे. 1917 साली पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ विवाहानंतर मुंबईत आल्या, 1949 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचपात्रात वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. परतल्यावर त्यांनी परळमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध त्यांनी उंदरांवर तपासला, तसेच कुष्ठरोगाच्या जंतूवरही काम केले. 1973 साली त्यांच्या पुढाकाराने भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन झाली; तिचे कार्यालय वाशीत, येथून जवळच आहे. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ओव्यातील एका रस्त्याला त्यांचे नाव द्यावे, असा समितीचा आग्रह आहे.

आजचे प्रश्न विद्वान प्रतिनिधी मांडतीलच. येथे दोन-तीन उदाहरणे पुरेत. टाटा स्मारक केंद्राने मुंबईच्या वस्त्यांत 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावत आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहत. या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2013 साली जाहीर झाले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना ही तपासणी का नाकारली, असा आक्षेपही घेतला गेला. तो गंभीर आहे, कारण ज्यांना काहीच मिळत नाही त्यांच्यावर संशोधन करताना संमतीचा अर्थ पातळ होतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती भूल देणारे लिग्नोकेन टोचल्यास पाच वर्षांनंतर जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर जाते, हे 2023 साली प्रसिद्ध झाले. खर्च शंभर रुपयांच्या आत. उलट आयआयटी मुंबई आणि टाटा केंद्राच्या सहकार्यातून आलेल्या, ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या देशी कार-टी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देण्याच्या) उपचाराचा खर्च अमेरिकेच्या मानाने फार कमी असला तरी लाखांत जातो. स्वस्त उपाय प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचा की महाग उपाय विमा योजनेत बसवायचा, या प्रश्नात समितीचा कौल आधी पहिल्याच्या बाजूने आहे.

व्यवस्थेतील उणिवांबद्दल समिती प्रतिनिधींची क्षमा मागते. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी राखलेल्या खोल्यांना हात लावायचा नाही, असे ठरल्याने बऱ्याच पाहुण्यांची सोय शाळेच्या वर्गांत करावी लागली. गाद्या पातळ आहेत, गरम पाणी सकाळी सहा ते आठच मिळेल आणि स्नानगृहांपुढे रांग लागेल. उत्सव चौक मेट्रो स्थानकापासून सभागृहापर्यंत सोडलेल्या गाड्या अपुऱ्या पडल्यास तरुण स्वयंसेवक दुचाकीवर नेतील. सभागृहाचे पंखे जुने आहेत. वीज गेल्यास जनित्र सुरू व्हायला थोडा वेळ जातो.

वर्ग देणारे मुख्याध्यापक, मंडपाचे भाडे न घेणारे मंडपवाले, आपल्या घरचा तांदूळ पोत्याने आणून देणारी आगरी कुटुंबे, पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापणारे महिला बचत गट, टेम्पो आणि इंधन दोन्ही देणारे वाहतूकदार, पत्रिका फुकट छापणारे मुद्रक, पथ्याचे जेवण वेगळे रांधणारे आचारी, निनावी पाकिटे देऊन गेलेले दुकानदार आणि प्रथमोपचार कक्षात परिषदेचे तिन्ही दिवस बसणाऱ्या परिचारिका यांची समिती ऋणी आहे. भोजनाच्या वेळा, गाड्यांचे वेळापत्रक आणि परिचारिकांच्या पाळ्या प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लिहिल्या आहेत.