रंग न पुसलेला पुतळा

इंग्लंडमधील ब्रिस्टल हे बंदर भारतीयांस ठाऊक आहे ते प्रामुख्याने राजा राममोहन रॉय यांच्यामुळे. १८३३ साली त्यांनी तेथेच देह ठेवला. याच बंदरातून आफ्रिकी माणसांच्या व्यापारासाठी जहाजे सुटत. तो व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा एक पदाधिकारी एडवर्ड कोल्स्टन याने आपल्या गावी मोठा दानधर्म केला, आणि मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी, १८९५ मध्ये, त्याचा ब्राँझचा पुतळा भरचौकात उभा राहिला. चौथऱ्यावर सद्गुणांचा गौरव होता. गुलामांचा उल्लेख नव्हता. तो करणारा फलक लावण्याची योजना २०१८ मध्ये निघाली, पण शब्दांच्या वादात बारगळली.

७ जून २०२० रोजी वर्णद्वेषाविरुद्ध निघालेल्या मोर्चातील लोकांनी दोर लावून पुतळा पाडला, त्याला रंग फासला व बंदरात लोटून दिला. चार दिवसांनी नगरपालिकेने तो वर काढला.

येथून पुढचे काम संग्रहालयाचे. एरवी जुन्या वस्तूवरील डाग काढणे हे संरक्षकांचे कर्तव्य. येथे त्यांनी गाळ तेवढा धुतला आणि लाल-निळा रंग निघून जाऊ नये म्हणून जपला. सफाई करताना कोटाच्या घडीत १८९५ सालच्या ‘टिट-बिट्स’ साप्ताहिकाची गुंडाळी सापडली. तिच्यावर पुतळा बसविणाऱ्या कारागिरांची नावे लिहिलेली होती! दात्याच्या स्मारकात मजुरांनी आपली आठवण अशी गुपचूप ठेवली होती.

जून २०२१ मध्ये ‘एम शेड’ या नगर-संग्रहालयात पुतळा आडवाच मांडला गेला. सोबत मोर्चातील फलक. नागरिकांची मते मागविली, तेव्हा सुमारे १४ हजार उत्तरे आली. ब्रिस्टलवासीयांपैकी ८० टक्क्यांनी त्याची जागा संग्रहालयातच असावी, असे सांगितले. मुंबईचा काळा घोडा १९६५ मध्ये भायखळ्यास गेला, तो मात्र स्वच्छ व उभा; तो का हलला हे पाहणाऱ्यास त्यावरून उमगत नाही.

पुतळा पाडल्याबद्दल चौघांवर खटला झाला. ५ जानेवारी २०२२ रोजी ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. हे सर्वांस रुचले नाही, आणि ती नाराजी समजण्याजोगी आहे. परंतु चळवळ या शहरास नवी नाही. गौरेतरांना नोकरी नाकारणाऱ्या बस कंपनीवर १९६३ मध्ये येथे बहिष्कार पडला होता. चार महिन्यांनी कंपनी नमली, आणि त्यानंतर नेमला गेलेला पहिला गौरेतर कंडक्टर एक शीख गृहस्थ होता. २०२४ पासून कोल्स्टनचा पुतळा ‘एम शेड’मध्ये शहरातील चळवळींच्या दालनात कायमचा ठेवला आहे, आडवा आणि रंगासह.