मागे फिरायची वेळ घरीच ठरवा
(आकाशवाणीवरील भाषण)



पाऊस उघडलाय. बामणोलीच्या बोटी पुन्हा सुरू झाल्यात, चांदोलीचं फाटक उघडलंय आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर आलीय. सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज, कुठल्याही घरात आत्ता डोकावलं तर वासोटा किल्ल्याचा नाहीतर चांदोलीच्या जंगलाचा बेत चाललेला दिसेल. गाडी कुणाची, भाकरी कोण आणणार, बोटीचे माणशी किती पडतील, सगळं ठरतं. एक गोष्ट मात्र ठरत नाही. किती वाजता मागे फिरायचं? मला मिळालेली मिनिटं मी या एका गोष्टीवर खर्च करणार आहे आणि मधूनमधून तीच पुन्हा सांगणार आहे. कुणी आत्ताच धार काढून आलं असेल, कुणी दुकान उघडून रेडिओ लावला असेल, त्यांचं सुरुवातीचं चुकायला नको.

किती वाजता मागे फिरायचं ते घरी ठरवा. ठरलं की घरी राहणाऱ्या एका माणसाला ते सांगा. एवढंच आहे.

वासोट्याचा हिशेब करून बघू. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला पोचायचं. तिथं बोट ठरवायची, परवानगीचं बघायचं, मग कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तास-सव्वा तास. पायथ्याला मेट इंदवलीच्या चौकीवर नावं लिहायची, सामान दाखवायचं. मग चढ. रोज चालणाऱ्याला दोन तास, ऑफिसात बसणाऱ्याला अडीच-तीन. वर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळी बोट परत निघालीच पाहिजे. आता सकाळी नऊला साताऱ्यातून निघालेली मंडळी किती वाजता माथ्यावर पोचतील, ते तुम्हीच सांगा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पण त्या दाट झाडीत वाट त्याच्या पुष्कळ आधी दिसेनाशी होते. म्हणून मी माझ्याबरोबर येणाऱ्या पोरांना सांगतो, दुपारी एक वाजला की जिथं असाल तिथून वळायचं. माथा समोर दिसत असला तरी वळायचं.

पोरं म्हणतात, सर, ते तिथं गेल्यावर बघू की! अरे, तिथं गेल्यावर नाही बघता येत. तिथं पाय दुखत असतात, पाणी अर्धं संपलेलं असतं, एकाला पुढं जायचं असतं, दुसऱ्याला लाज वाटत असते. बोटीला एवढे पैसे घातले, इतक्या लांबून आलो, आता परत काय जायचं, असं प्रत्येकाच्या मनात चाललेलं असतं. अशा वेळी माणूस धोका मोजत नाही, स्वतःची समजूत घालतो. मोजायचं काम ओट्यावर बसून, चहा पिता पिता, डोकं थंड असताना करायचं असतं.

आपल्याकडच्या लोकांना हे मी गुऱ्हाळावरून समजावतो. कारखाने झाले तशी गुऱ्हाळं कमी झाली, पण कराडकडे, शिराळ्याकडे अजून चुलवाणं पेटतात. काहिलीत रस उकळतोय, मळी काढून झालीय, पाक दाटत चाललाय. गुळव्या थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून बघतो, त्याची गोळी होते का? पण त्याच्याही आधी त्यानं काय काय केलेलं असतं बघा. वाफा धुऊन तयार असतो. काहील उतरवायला माणसं आपापल्या जागी उभी असतात. जाळ घालणाऱ्यानं चिपाडं टाकायचा हात आखडता घेतलेला असतो. गोळी जमली की मग कुणी कुणाला विचारत नाही. ‘उतरा’ म्हटलं की काहील उतरते. गोळी जमल्यावर जर तो माणसं शोधायला निघाला, तर गूळ करपला म्हणून समजा.

इथं आणखी एक गोष्ट आहे. उसाचा मालक शेजारी उभा असतो. ऊस त्याचा, पैसा त्याचा. पण काहील कधी उतरवायची हे मालक सांगत नाही, गुळव्या सांगतो. सहलीतही तसा एकच माणूस नेमा. ज्याची गाडी आहे तो नव्हे आणि ज्यानं पैसे भरले तोही नव्हे. ज्याला ती वाट माहीत आहे आणि जो चारचौघांत ‘नाही’ म्हणू शकतो, तो. त्यानं ‘वळा’ म्हटलं की वळायचं, वाद गाडीत बसल्यावर घालायचा. आणि जाळ आधीच कमी करतात ते का, तेही लक्षात घ्या. सगळा दम चढताना संपवायचा नसतो. गुडघे उतरताना लागतात. घसरणं, पाय मुरगळणं पुष्कळदा उताराला होतं, हे डोंगरात फिरणाऱ्या कुणालाही विचारा.

आधी ठरवण्याचं आणखी एक उदाहरण शिकारीचं. पूर्वी या भागात शिकारी व्हायच्या. ते दिवस गेले हे उत्तम झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं हौसेच्या शिकारीचा उरलासुरला रस्ताही बंद झाला. पण हाक्याच्या शिकारीत एक शिस्त होती. कोण कुठल्या मचाणावर बसणार, कुणी कुठल्या दिशेला बार टाकायचा नाही, खूण झाल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही, हे आधी ठरलेलं असे. कारण भीती जनावराइतकीच शेजारच्या बंदुकीची होती.

शेजारच्या बंदुकीची ही भीती अमेरिकेत आजही आहे. तिथं परवाना काढून टर्कीची शिकार होते. टर्की म्हणजे मोठा रानपक्षी, कोंबड्याच्या कुळातला. शिकारी अंगावर झाडोऱ्याच्या रंगाचे कपडे घालून दडून बसतो आणि मादीसारखा आवाज काढून नराला बोलावतो. आता त्याच रानात दुसरा शिकारी असेल तर? त्याला माणूस दिसत नाही, फक्त टर्कीचा आवाज येतो. म्हणून तिथल्या शिकाऱ्यांना शिकवतात की लाल, पांढरा, निळा रंग अंगावर ठेवू नका, कारण नर टर्कीच्या डोक्यामानेवर तेच रंग असतात. पाठ रुंद बुंध्याला लावून बसा. दुसरा माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, मोठ्यानं बोला. पक्षी बिचारा काय करणार आहे? सगळी खबरदारी माणसापासूनची आहे.

त्यातले काही जण वेगळ्या जातीच्या टर्कीसाठी मेक्सिकोत जातात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं मेक्सिकोच्या प्रत्येक राज्यासाठी वेगळी सूचना काढतं. धोक्याच्या चार पायऱ्या केल्यात. एका राज्यात नेहमीची काळजी घ्या, दुसऱ्यात जाऊच नका. तिकडे परवानगीशिवाय बंदुकीची एक गोळी जरी पिशवीत सापडली तरी तुरुंग होऊ शकतो. मला यातली देशाचे तुकडे करून विचार करायची पद्धत फार पटते. आपण काय विचारतो? वासोटा सुरक्षित आहे का हो? या प्रश्नाला उत्तर नाही. कुठल्या महिन्यात, कुठल्या वाटेनं, किती वाजता, कुणाबरोबर, हे विचारा. मग उत्तर मिळेल. परदेशी सहलीला निघालेल्यांनीही हेच विचारावं. विमानतळावरून रात्री कोण नेणार, कुठल्या रस्त्यानं नेणार, आपल्या वकिलातीचा फोन कागदावर लिहून घेतलाय का? त्यावर वेगळं बोलायला हवं, आज वेळ नाही.

आपल्या रानात लोक भितात बिबट्याला. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून वाघाचीही भीती घालतात. बिबट्या आणि अस्वल रानात आहेत, गवे तर भरपूर आहेत. पण गवा आपल्या वाटेनं चाललेला असतो, मोबाइल घेऊन मागे आपण लागतो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये गवा आला. गर्दी त्याच्या मागे धावली आणि तो मेला. पुढच्याच वर्षी सांगलीच्या मार्केट यार्डाकडे गवा आला, तेव्हाही बघ्यांची झुंबड उडाली. लेकरांना खांद्यावर घेऊन गवा दाखवायला आणता? त्याला पळायला वाट उरली नाही तर तो कुठून पळेल, याचा विचार नको का करायला?

मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रानडुकरासाठी काही लोक बांधावरच्या तारेत वीज सोडतात. तारेचे फासे लावतात. गावठी बॉम्ब ठेवतात. हे बेकायदा आहे, आणि यात महाराष्ट्रात माणसं मेली आहेत, मेंढपाळांची कुत्री मेली आहेत. उशीर झाला, वाट चुकली, समोर गावाचा दिवा दिसतोय, चला शेतातून आडवे जाऊ, असं म्हणून तुम्ही अंधारात शिरता. ती तार तुम्हाला दिसणार नाही. म्हणजे पुन्हा तेच आलं बघा. वेळेवर वळला असतात तर आडवाटेनं यायची वेळच आली नसती.

आणि अडकलात तर मदत लगेच येईल, असंही धरून चालू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये साताऱ्याजवळच्या बोरणे घाटात सेल्फी घेताना एक तरुणी दरीत पडली. होमगार्ड आणि स्थानिक लोकांनी दोर टाकून तिला वर काढलं. प्रत्येकाच्या नशिबी तेवढ्यात दोर घेऊन कुणी येईल असं नसतं. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची सहलीची बस कोसळली. ३० माणसं गेली. बचावलेला एकजण दरीतून चढून वर आला, त्यानं फोन केला, तेव्हा जगाला कळलं. मग महाबळेश्वर ट्रेकर्सची, सह्याद्री ट्रेकर्सची मुलं भर पावसात दरीत उतरली. ही मुलं पगारी नाहीत, हे ध्यानात ठेवा. तुमच्याआमच्यासारखी नोकरी-धंद्याची माणसं दोर घेऊन निघतात. पण त्यांना निघायला तर सांगायला हवं ना कुणीतरी! वासोट्याच्या जंगलात मोबाइलला रेंज मिळत नाही. तुम्ही अडकलात हे कळणार कसं? घरी एका माणसाला माहीत असेल की हे रात्री आठला बामणोलीतून फोन करणार होते आणि नऊ वाजले तरी फोन नाही, तरच कुणीतरी हलेल.

म्हणून कागदावर लिहा. कुठं चाललो, कुठल्या वाटेनं, कोण कोण, बोटवाल्याचा नंबर, मागे फिरायची वेळ, फोन करायची वेळ. कागद आईच्या नाहीतर बायकोच्या हातात द्या, आणि फोन नाही आला तर किती वाजता कुणाला कळवायचं तेही सांगून ठेवा. ‘तिला उगीच काळजी’ म्हणून न सांगता जाणारे खूप आहेत. असं करू नका हो. सांगितल्यानं काळजी वाढत नाही. ती कशी करायची, हे तिला कळतं.

चौकीवर नाव-पत्ता विचारला की काही लोक वनरक्षकाशी भांडतात. तो तुमच्यासाठीच लिहून घेतोय. किती गेले, किती परत आले, ही मोजणी त्या वहीवरच होते. बोटीत लाइफ जॅकेट घाला म्हटलं की उकडतं म्हणतात. कोयनेचं ते पाणी खोल आहे. पोहायला येणाऱ्यानंही जॅकेट घालायचं.

काचेपलीकडून दोन मिनिटं राहिल्याची खूण झालीय. सापाबद्दल तरी सांगतो. या डोंगरात फुरसं आहे, घोणस आहे, नाग आणि मण्यार आहेत. पायात बूट हवेत, आणि दगडावर हात टेकण्याआधी दगड बघायचा. चावला तर कापू नका, चोखू नका, दोरीनं करकचून आवळू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका, उचलून न्या. प्रतिसर्पविष देणाऱ्या दवाखान्यात न्यायचं. आता हिशेब करा. माथ्यावरून खाली उचलून आणायचं, मग बोटीचा तास-सव्वा तास, मग बामणोलीहून साताऱ्यापर्यंत घाटरस्ता. यासाठीच मी उजेडाचे तास शिल्लक ठेवा म्हणतो. एकची वेळ तुम्हाला जाचक वाटते, पण ते तास तुमच्या आरामासाठी नाहीत. ज्याला काही होईल त्याच्यासाठी ते राखून ठेवायचे आहेत.

पुन्हा सांगतो. मागे फिरायची वेळ घरी ठरवायची, घरी सांगायची, आणि ती पाळायला लावणारा एक माणूस नेमायचा.

आग्या मोहोळाचं राहिलंच. किल्ल्यावर जाताना अत्तर, सेंट लावू नका. कड्याखाली चूल पेटवू नका, आरोळ्या ठोकू नका, दगड तर मुळीच मारू नका. माश्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नका, डोकं-तोंड कापडात गुंडाळा आणि थेट लांब निघा, पण कड्याच्या बाजूला नाही. म्हणूनच वर पोचल्याबरोबर आधी कडा कुठल्या बाजूला आहे ते सगळ्यांना दाखवून ठेवायचं, आणि लहान मुलं बरोबर असतील तर… नाही, वेळ संपलीय. नंबर तेवढे घ्या लिहून. वनखात्याची मदत १९२६, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. त्या घरच्या कागदावर हे तीनही लिहा.