अंथरुणावरच्या माणसाचे पाय

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत इंदूर येथे केलेले भाषण)



उत्सवाच्या मांडवात साहित्य, संगीत अथवा इतिहास यांवर बोलावे असा आपल्याकडे रिवाज आहे. चालकांनी तो बाजूस ठेवून, घरोघर जाऊन जखमा बांधण्यात ३५ वर्षे घालवलेल्या एका परिचारिकेला बोलावयास उभे केले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. विषय रुक्ष आहे, परंतु या सभागृहातील निम्म्या घरांत तो आज ना उद्या येणार आहे.

दसऱ्या-दिवाळीला आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. पण अंथरुणाला खिळलेल्या आईची किंवा वडिलांची टाच मागच्या बाजूने कशी दिसते, हे आपल्यापैकी कितीजणांनी आज पाहिले असेल? जखम बहुधा तेथेच सुरू होते, आणि आपले लक्ष जाते तेव्हा ती खोल गेलेली असते.

ती होते कशी, ते आधी समजून घेऊ. टाचेच्या हाडावर स्नायूचे आवरण नसते. थोडी चरबी आणि कातडी, एवढेच. माणूस तासन् तास उताणा पडून राहिला की हाड आणि गादी यांमध्ये ती कातडी चेपते, केसाहून बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि आतले मांस रक्ताविना मरू लागते. निरोगी माणूस झोपेतही पाय हलवतो. पक्षाघात झालेला, मांडीचे हाड मोडलेला किंवा अशक्त म्हातारा माणूस तो हलवू शकत नाही. शय्याव्रण म्हणतात ते हेच. माकडहाडाच्या जागेखालोखाल ते टाचेलाच सर्वाधिक होतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाठीच्या कण्याला मार लागलेले सैनिक अशा व्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या दोषांनी दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडातील स्टोक मँडविल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांची कूस दर दोन तासांनी, रात्रंदिवस बदलण्याचा क्रम घातला, आणि जी माणसे मरणारच असे समजले जाई ती जगू लागली. तेथे नेमाने काम करणारे हात होते. ते आपल्या घरातही आहेत.

आता घरी काय करावयाचे ते सांगते. रोज एकदा, चांगल्या उजेडात, दोन्ही पाय पाहावेत: टाचा, घोट्यांच्या बाजू, बोटांची टोके आणि बोटांमधल्या खाचा. तांबूस डाग दिसला तर बोटाने क्षणभर दाबून सोडावा. जागा पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त वाहते आहे. लाली हललीच नाही तर इजा सुरू झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे काळसर-जांभळी छटा, शेजारच्या जागेपेक्षा ऊब किंवा गारवा, कडकपणा किंवा पिचपिचीतपणा हाताला लागतो काय, हे पाहावे.

दुसरे काम टाच अधांतरी ठेवण्याचे. उशी टाचेखाली ठेवू नये. ती पोटरीखाली, गुडघ्यापासून घोट्याच्या वरपर्यंत, लांबीच्या बाजूने घालावी. गुडघा किंचित वाकलेला असावा. मग टाच आणि गादी यांमधून कागद सरकवून पाहावा. कागद अडकला तर टाच टेकलेली आहे. हवेची गादी आणली म्हणजे काम झाले, असा पुष्कळांचा समज असतो. ती गादी पाठीला उपयोगी आहे, परंतु टाच तिच्यावरही टेकतेच. कापसाची चुंबळ करून टाच तिच्यात बसवण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. चुंबळीचा काठ भोवतालचे रक्त अडवतो. कूस दोन-दोन तासांनी बदलावी आणि खुर्चीत बसवल्यास तासातासाने हालवावे.

मात्र पायावरची प्रत्येक जखम दाबाने होत नाही, आणि एकाचे औषध दुसऱ्यास घातक ठरू शकते. घोट्याच्या वर, आतल्या बाजूस, सुजलेल्या काळपट कातडीवर व्रण असेल तर तो बहुधा अशुद्ध रक्ताच्या शिरांचा. त्याला पाय उंच ठेवणे आणि ताणाची पट्टी मानवते. बोटांच्या टोकावर व्रण, पाय गार, आणि पाय खाली सोडला की दुखणे कमी होणे, ही शुद्ध रक्त न पोहोचण्याची खूण आहे. त्या पायावर ताणाची पट्टी घट्ट बांधली तर बोटे काळी पडतील. म्हणून पायाची नाडी डॉक्टरांकडून तपासून घेतल्याखेरीज अशी पट्टी बांधू नये.

तिसरा प्रकार मधुमेहाचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव जाते, आणि जखम दुखत नाही म्हणून ती नाही असे वाटते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिले होते: मांस आपोआप झडत नाही; दुखणे कळत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर पुन्हापुन्हा भार देतो. जाणीव आहे की नाही हे घरीही पाहता येते. आईला डोळे मिटावयास सांगावे आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी तो कळला नाही, तर जाणीव कमी झाली आहे. अशा पायांना गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक कधीही देऊ नये. पाय सुजत असतील तर जोडवी वेळेवर काढावीत. सौभाग्याचे लेणे काढणे जिवावर येते, हे मी जाणते. पण रुतलेले जोडवे कातडी कापते. काशाच्या वाटीने तळपाय घासणे सुखाचे असते. परंतु बधिर, लालसर किंवा सोललेल्या पायावर ती वाटी लावू नये. दाबाने लाल झालेली जागा हातानेही चोळू नये.

जखम धुण्यास उकळून गार केलेले पाणी, किंवा अशा एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातलेले पाणी पुरे. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, जंतुनाशकाचे तीव्र पाणी यांनी नवे येणारे मांसही जळते. हळद, राख, तंबाखू भरू नये. जखम उघडी ठेवून वाळवावी, ही समजूत जुनी आहे. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगात दाखवले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी सुमारे दुप्पट वेगाने येते. याला अपवाद एक: टाचेवरची कोरडी, घट्ट बसलेली काळी खपली. तिच्याखाली पू, लाली किंवा दुर्गंधी नसेल, तर ती काढू नये; कोरडी ठेवून डॉक्टरांना दाखवावी.

जखम भरते ती अन्नाने. वजनाच्या दर किलोस दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या आईला साडेबासष्ट ते ७५ ग्रॅम. चहा-बिस्किटांवर ते भागत नाही. दूध, दही, घट्ट वरण, पनीर, चालत असल्यास अंडे, थोडे थोडे दिवसातून अनेकदा द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावे.

मधुमेही माणसाच्या पायाला कोणतीही जखम झाली तरी एका दिवसाच्या आत दाखवावी. लाली पसरणे, पू, दुर्गंधी, ताप, हाड दिसणे, बोट एकाएकी गार वा काळे होणे, यांपैकी काहीही आढळल्यास इस्पितळ त्याच दिवशी गाठावे. वृद्धांस कधी ताप येतच नाही. नुसती गुंगी, बरळणे, जेवण सोडणे एवढेच दिसते.

आता जखमेहून अवघड गोष्ट. पुष्कळ वृद्ध जखम लपवतात. एका घरी आजींनी टाच आठवडाभर मोज्यात झाकून ठेवली होती. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "सूनबाई दिवसभर राबते, तिला आणखी एक काम कशाला?" आणि जखम उघडी पडल्यावर त्याच सुनेला पाहुणे विचारू लागले, की तुझे लक्ष कोठे होते? बंधू-भगिनींनो, एकट्या बाईने रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलावी आणि वर दोषही घ्यावा, हा न्याय नव्हे. गुटमन यांच्या इस्पितळातही ते काम पाळीपाळीने होई. मुलाने, नातवाने, जावयाने पाळी वाटून घ्यावी. बाहेरगावच्या भावंडांनी फोनवर "काळजी घे" म्हणण्याऐवजी रात्रीच्या मदतनिसाचा पगार द्यावा.

आपल्या न्यासापुढे माझी एक विनंती आहे. महोत्सवाच्या निधीतून चार हवेच्या गाद्या, काही व्हीलचेअर आणि कमोडच्या खुर्च्या घेऊन त्या गरजूंना वापरण्यास द्याव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आठवड्यातून एक दुपार अशा घरी जाऊन बसतील आणि त्या सुनेला किंवा मुलीला तीन तास मोकळे करतील, असे दहा स्वयंसेवक तयार करावेत. त्यांना शिकवण्याचे काम मी आनंदाने आणि विनामूल्य करीन.

आज घरी गेल्यावर आईच्या अंगावरची चादर पायाकडून वर करा आणि टाच पाहा. एवढे झाले तरी माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.