कसणाऱ्याचा हिस्सा



सरकारी खजिन्यातून शेतीला द्रव्यसाहाय्य करावे की करू नये, हा वाद जुना आहे व तो येथे उकरून काढण्याचा माझा मानस नाही. परंतु ते साहाय्य कोणाच्या हाती पडते, या प्रश्नाची हेळसांड झाली म्हणजे कसणाऱ्यांची घरे कशी उठतात, हे अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्याच्या पॉइन्सेट काउंटीत घडलेल्या प्रकाराने जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

१९२९ साली पौंडाला सोळा-सतरा सेंट असलेला कापसाचा भाव १९३२ मध्ये सहा सेंटांच्या आसपास घसरला, तेव्हा पीकच कमी करून भाव सावरावा या हेतूने मे १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कायदा केला, आणि त्या उन्हाळ्यात दक्षिणेत सुमारे १ कोटी एकरांवरचा उभा कापूस मोबदला देऊन नांगराखाली घातला गेला. रोपावर पाय पडू न देण्याची सवय ज्यांना वर्षानुवर्षे लावली होती, ती खेचरे त्या सऱ्यांवरून चालेनात, असे त्या काळचे लोक सांगत.

पुढील वर्षीचा करारनामा मात्र बारकाईने वाचण्याजोगा आहे. पडीक ठेवलेल्या जमिनीच्या सरासरी उत्पन्नावर पौंडामागे साडेतीन सेंट भाडे मिळे, ते सर्व जमीनमालकाचे. त्यावर एक सेंट पूरक रक्कम मिळे, तिचा अर्धा भाग बटईने राबणाऱ्याचा. म्हणजे साडेचार सेंटांपैकी चार सेंट मालकाला आणि अर्धा सेंट त्याला, ज्याच्या बायकामुलांनी तो कापूस खुरपला व वेचला होता! तो अर्धा सेंटही मालकाच्या हातून यावयाचा, आणि मालकाच्याच दुकानातील उधारीच्या खात्यात पुष्कळदा परस्पर जिरावयाचा. तंट्यांची प्रथम चौकशी करणाऱ्या स्थानिक समित्यांवरही मळेवाल्यांचाच वरचष्मा. कुळांची संख्या शक्य तोवर कायम ठेवावी असे कलम करारात होते खरे. पण जमीन पडीक ठेवण्याचे पैसे मिळू लागल्यावर माणसे पोसण्याची गरज मालकांना उरली नाही, आणि 'शक्य तोवर' या दोन शब्दांच्या आडून कुटुंबेच्या कुटुंबे हुसकली गेली.

याविरुद्ध जुलै १९३४ मध्ये त्याच पॉइन्सेट काउंटीतील टायरॉन्झा गावाजवळ एका शाळागृहात अकरा गोरे आणि सात कृष्णवर्णीय कसणारे एकत्र जमले. संघटना एक करावी की दोन, हा त्यांच्यापुढील पहिला प्रश्न होता. १९१९ साली त्याच राज्यात एलेन येथे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची झालेली कत्तल सर्वांना ठाऊक असताही त्यांनी एकच संघटना काढली, हे धैर्य मला त्या काळच्या कोणत्याही कायद्यापेक्षा मोठे वाटते. वॉशिंग्टनमध्ये कुळांच्या संख्येविषयीच्या त्या कलमाचा अर्थ त्यांच्या बाजूने लावणाऱ्या कृषी खात्यातील कायदेतज्ज्ञ जेरोम फ्रँक यांना व त्यांच्या काही सहकाऱ्यांना मात्र फेब्रुवारी १९३५ मध्ये खात्यातून काढून टाकण्यात आले.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडील किसान सन्मान निधीचे वार्षिक ६,००० रुपयेही जमीनधारक कुटुंबालाच मिळतात. तोंडी बोलीवर बटईने किंवा खंडाने दुसऱ्याचे रान करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून बियाणे, खत आणि अवर्षणाची जोखीम त्याची असूनही या निधीच्या हिशेबी तो शेतकरी ठरत नाही. तलाठ्याच्या दप्तरात प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद करणे, आणि अशा नोंदीने आपली मालकी जात नाही अशी हमी मालकाला कायद्याने देणे, या दोन्ही गोष्टी एकदमच केल्या पाहिजेत. कारण नुसता हिस्सा वाढवून भागत नाही. अमेरिकेत १९३६ च्या नव्या कायद्याने बटईदाराचा वाटा वाढविला, तेव्हा तो वाटा द्यावा लागू नये म्हणून दक्षिणेतील अनेक मळेवाल्यांनी त्याच माणसांना बटईवरून काढून रोजंदारीवर ठेवले.